खडा कुठून आला, हे गिऱ्हाइकाला काय सांगू?

ताई, नमस्कार. मी लातूरची. चांदीत खडे बसवून दागिने करते आणि व्हॉट्सॲपवर, प्रदर्शनांत विकते. बहुतेक खडे जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून मागवते, अकीकाचे मणी गुजरातच्या खंबातहून. पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "हे खडे येतात कुठून? लहान लेकरांकडून काढून घेतलेले नाहीत ना?" मी म्हणाले, जयपूरहून. त्या म्हणाल्या, "ती बाजारपेठ झाली, खाण कुठली?" मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून मन खात राहतं. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, माल बघा आणि भाव बघा. नवरा म्हणतो, आपण दहा-पंधरा हजारांचे खडे घेणारी माणसं, आपल्या विचारण्यानं काय होणार? नैसर्गिक खडे सोडून लॅबमध्ये बनवलेलेच घ्यावेत का? आणखी एक. धाराशिवकडचा एक जण तेरचे जुने मणी वजनावर देतो म्हणतोय. घेऊ का?
– एक वाचक, लातूर

तेरच्या मण्यांचं आधी सांगते, कारण तो माणूस उद्या पिशवी घेऊन दारात उभा राहील. घेऊ नकोस.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी नोंदीत दख्खनमधली दोन मोठी बाजारगावं म्हणून पैठण आणि तगर यांची नावं आहेत. पैठणहून ओनिक्स, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक, आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. त्या काळाच्या खुणा तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, आजही आहेत. पहिला पाऊस पडून माती वाहिली की मणी वर येतात आणि लोक ते वेचतात. वेचणाऱ्याला दोन पैसे हवे असतात, त्याच्यावर मी रागावत नाही. पण मणी कुठल्या थरात, कशाशेजारी सापडला यावरूनच त्याचा काळ कळतो. पिशवीत पडला की तो नुसता दगड उरतो आणि आपल्याच गावाच्या इतिहासातली एक ओळ कायमची पुसली जाते. कायदाही स्पष्ट आहे. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, हा नियम तर १८७८ पासूनचा. त्या माणसाला सांग, मणी तेरच्या लामतुरे संग्रहालयात नेऊन दाखव. आणि तू स्वतः तिथं एक दिवस काढ. मण्यांचे आकार वहीत उतरवून घे आणि आजच्या कारागिराकडून तसे नवे करून घे. आकारावर कुणाची मालकी नाही. शिवाय नवे मणी घासून, मातीत मुरवून जुने म्हणून विकणारेही असतात. म्हणजे त्या पिशवीत एक तर चोरी आहे, नाही तर फसवणूक.

आता तुझा मूळ प्रश्न. पुण्याच्या बाईंनी विचारलं ते योग्यच होतं, पण त्याचं पुरं उत्तर तुझ्या जयपूरच्या व्यापाऱ्याकडंही बहुधा नसणार. रंगीत खड्यांचा धंदा असा चालतो : जगातले बहुतांश रंगीत खडे लहान लहान खाणींतून, हातानं खणून निघतात. खाणीवरचा माणूस गावातल्या खरेदीदाराला विकतो, तो मोठ्या व्यापाऱ्याला, तिथून कच्चा माल जयपूरला किंवा बँकॉकला जातो. पैलू पाडून झाले की रंग, आकार आणि माप बघून वर्गवारी होते, आणि नेमक्या त्याच टेबलावर दोन-तीन देशांचा माल एकत्र होतो. तुझ्या एका गार्नेटच्या सरात राजस्थानचा खडा आणि आफ्रिकेचा खडा शेजारी बसलेले असू शकतात. वर्गवारी करणाऱ्याला माप जुळवायचं असतं, गाव नाही.

सोन्याच्या दागिन्याला आता हॉलमार्कसोबत सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) असतो, खड्याला तसं काही नाही. 'किंबर्ली प्रक्रिया' म्हणून तू कुठं वाचलं असशील. ती २००३ पासून आहे, पण फक्त कच्च्या हिऱ्यांसाठी, तीही बंडखोर टोळ्यांच्या लढाईला पैसा पुरवणारे हिरे रोखण्यापुरती. मजुराची मजुरी, लेकरांचं काम हे तिच्या व्याख्येत बसत नाही. माणिक, नीलम, पाचू तर तिच्या बाहेरच. प्रयोगशाळेचा दाखला खडा नैसर्गिक आहे का, त्यावर काय प्रक्रिया झाली, हे सांगतो. महागड्या खड्याच्या बाबतीत उगम कुठला असावा याचं मतही देतो. तो कुणी आणि कसा काढला, हे त्या कागदावर नसतं. म्हणून एखाद्यानं वेबसाइटवर 'एथिकल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं असेल, तर कशावरून, हे त्याला जरूर विचार.

आपण मराठवाड्यातली माणसं हे सहज समजू शकतो. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचं नाव छापलेलं असतं. ऊस कुणी तोडला, किती उचल घेऊन तोडला, हे फक्त मुकादमाच्या वहीत असतं. खड्यांच्या धंद्यातही अशी वही कुणाकडं तरी असतेच. सगळ्या वह्या तुला उघडता येणार नाहीत. एक मात्र येईल, आणि ती तुझ्या सगळ्यात जवळची आहे : खडा कापणाऱ्याची, घासणाऱ्याची. तू खंबातहून अकीक घेतेस ना? मग तिथूनच सुरू कर.

खंबातचा अकीक म्हणजे भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर-झगडियाकडचा दगड, आता बाहेरूनही कच्चा माल येतो. दगड उन्हात वाळवतात, मातीच्या भांड्यांत घालून मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहामुळं तपकिरी दगड लालबुंद होतो, त्यालाच आपण कार्नेलियन म्हणतो. ही रीत हडप्पा काळापासूनची आहे. इथवरचं सगळे कौतुकानं सांगतात. पुढचं फार थोडे सांगतात. भाजलेला दगड फोडून, चाकावर घासून गोल करताना जी धूळ उडते ती सिलिकाची असते. डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक तिचे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथं व्रण धरतात. तो सिलिकोसिस. गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध त्यावर नाही. काम सोडलं तरी आजार वाढतच राहू शकतो. क्षयाचा धोका वाढतो, आणि खोकला, बारीक ताप, झडलेलं अंग बघून पुष्कळांना नुसता क्षय समजून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. घासायचं चाक घरातच असतं, म्हणून बायका, लेकरं, शेजारीपाजारी हेही तीच हवा घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनं खंबातच्या या कारागिरांचा अभ्यास केला आहे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणाही चाकांना बसवून पाहिली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिस हा नोंद करायचाच व्यावसायिक आजार ठरवला होता, पण घरात चाक लावून बसलेली दोन-चार माणसं 'कारखाना' या व्याख्येत कधी आलीच नाहीत.

हे तुला घाबरवायला लिहीत नाही. धूळ कमी करण्याचे उपाय साधे आहेत : ओलं घासणं, चाकाला धूळ ओढणारं तोंड बसवणं, घासायची जागा राहत्या खोलीपासून वेगळी ठेवणं. त्याला पैसे लागतात, आणि ओल्या कामाला वेळही जास्त लागतो. कारागिराला मजुरी नगावर मिळते. वेळ गेला की मजुरी गेली. व्यापारी तुझ्यासारख्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल देतो तेव्हा ती उधारी बऱ्याचदा खाली सरकत सरकत चाकावर बसलेल्या माणसाच्या अंगावर येते. यात तुझा हात खरोखर पोचतो. तुझ्या नवऱ्याचं म्हणणं जयपूरच्या माणिक-पाचूच्या बाजाराला लागू आहे, खंबातच्या एका गल्लीला नाही. महिन्याला दहा हजारांचं नियमित, रोख गिऱ्हाईक हे एका लहान घासणाऱ्या कुटुंबासाठी लहान नसतं.

फोनवर विचारायला सुरुवात कर. चौकशी अधिकाऱ्यासारखी विचारू नकोस, धंद्यातली बाई विचारते तशी विचार. घासकाम घरी होतं की शेडमध्ये? पाणी सोडून घासता की कोरडं? मण्याला भोक कोण पाडतं? रंग दिलेला आहे की फक्त भाजलेला? तीन-चार जणांना तेच प्रश्न विचारलेस की कोण टाळतोय आणि कोण सांगतोय ते आपोआप कळेल. आणि ओल्या घासकामाचा माल मागताना भाव तूच वाढवून सांग, त्यांच्या तोंडून यायची वाट बघू नकोस. दागिन्याच्या किमतीत अकीकाच्या मण्यांचा वाटा किती असतो, ते तुझ्याच वहीत बघ. चांदी, तुझी मजुरी, प्रदर्शनाच्या टेबलाचं भाडं हे सगळं वजा केलं की मण्यांचे पैसे फार थोडे उरतात. ते दीडपट झाले तरी गळ्यातल्याची किंमत थोडीच हलते.

काही खडे मात्र तू सरळ बंद करावेस असं माझं मत आहे, निदान विकणारा ठामपणे काही सांगू शकत नाही तोवर. म्यानमारचं माणिक आणि जेड हे पहिले. २०२० च्या जुलैत तिथल्या ह्पाकांतच्या जेड खाणीत मातीचा डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसं गेली, टाकून दिलेल्या मातीत दगड शोधणारी गरीब माणसं. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथं लष्करानं सत्ता घेतली, आणि रत्नांचा पैसा त्या सत्तेलाही लागतो. लॅपिस हा निळा दगड अफगाणिस्तानच्या बदख्शानमधून हजारो वर्षं निघतोय, पण अलीकडची बरीच वर्षं तिथल्या खाणींवर सशस्त्र गटांनी हात मारला आहे. चिलीचाही लॅपिस बाजारात असतो. तुझा कुठला हे कळत नसेल तर दुसरा निळा रंग शोध. पोवळ्याच्या बाबतीतही फार जपून राहा. समुद्रात भित्ती बांधणारी पोवळी, काळं प्रवाळ, सी-फॅन यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. मंगळाचं पोवळं मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नम्रपणे नाही म्हण. ते तुझ्या धंद्याचं अंगही नाही.

बरा वाटावा असाही माल आहे. श्रीलंकेत रत्नांच्या खाणकामाला सरकारी परवाना लागतो आणि खणलेला खड्डा बुजवावा लागतो. रत्नपुराकडचा नीलम किंवा मूनस्टोन घेताना परवान्याचा कागद मागणं तिथं विचित्र समजलं जात नाही. आपल्याकडं मध्य प्रदेशातल्या पन्ना गावी हिऱ्याची छोटी खदान सामान्य माणसालाही पट्ट्यावर मिळते. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा होतो, लिलाव होतो, रॉयल्टी कापून उरलेले पैसे सापडवणाऱ्याला मिळतात. हिरा तुझ्या आवाक्यातला नसेल, पण खाणीपासून गिऱ्हाइकापर्यंत कागद कसा चालू शकतो ते यावरून कळतं.

तू लिहिलं नाहीस, पण हे वाचून तुझ्या मनात येईलच : आपल्याकडच्या गारगोट्यांचं काय? आपलं सगळं पठार बेसाल्टचं आहे. लाव्हा थंड होताना राहिलेल्या पोकळ्यांत अकीक, कॅल्सेडनी, जॅस्पर, कुठं कुठं ॲमेथिस्ट धरलेला असतो. पैठणचा ओनिक्स भडोचला जात होता तो यातूनच. विहीर खणताना, खडी फोडताना जे चमकदार स्फटिक निघतात ते बरेचदा झिओलाइट. ते बघायला फार सुंदर, पण मऊ. स्टिलबाइटसारखं खनिज अंगठीत घातलास तर महिनाभरात ओरखडेल. दागिन्याला अकीक आणि त्याची भावंडंच चालतील.

जवळचं म्हणून ते आपोआप स्वच्छ ठरत नाही. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमानुसार जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा असतो, सातबारा कुणाच्याही नावावर असो. अकीक आणि जॅस्पर हे फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांत आहेत. धंद्यासाठी माल उचलायचा तर तहसीलला किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडं विचारून, स्वामित्वधन भरून, पावती घेऊनच. फिरताना चार गारगोट्या उचलून घरी आणणं आणि गोणी भरून विकणं यात फरक आहे. गोदाकाठच्या गारगोट्यांबद्दल तर मी फारच आग्रही आहे. पुष्कळदा त्या चोरून उपसलेल्या वाळूतून चाळलेल्या असतात. तू पैसे देशील गारगोटीचे, आणि ते जातील नदी पोखरणाऱ्याच्या खिशात. काठावरच्या विहिरींचं पाणी कुठं गेलं हे तिथल्या बायकांना विचार. त्यापेक्षा परवाना असलेल्या खडी-खाणीच्या मालकाशी बोल, दगड निवडून बाजूला ठेवणाऱ्या मजुराला त्याचे वेगळे पैसे ठरव, ते त्याच्याच हातात जातील असं बघ आणि पावती घे. खडी फोडणाऱ्या माणसाच्या नाकातही धूळच जाते, हेही लक्षात असू दे.

लॅबमधला खडा वाईट नाही. व्हर्न्युई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती माणकं बाजारात आहेत. रासायनिकदृष्ट्या ती माणकंच. गिऱ्हाइकाला तसं सांगून विकलीस तर त्यात काही खोटं नाही. पण लेकरांच्या काळजीपोटी सगळे नैसर्गिक खडे सोडलेस तर लेकरं शाळेत जातील असं होत नाही. खाणीवर आणि चाकावर पोट भरणारी हजारो घरं आहेत, त्यांना बरं गिऱ्हाईक हवंय. म्हणून माझा कौल असा : माणिक, नीलम अशा जिथं तुझा हात पोचतच नाही तिथं लॅबचे वापर, आणि अकीकासारख्या जिथं पोचतो तिथं नैसर्गिकच ठेव. बिलावरचा एचएसएन क्रमांकही, म्हणजे वस्तू कुठल्या प्रकारची ते सांगणारा आकडा, बघत जा. ७१०३ म्हणजे नैसर्गिक खडे, ७१०४ म्हणजे कृत्रिम. नैसर्गिक म्हणून पैसे घेऊन बिलावर ७१०४ टाकणारा सापडला तर त्याच्याशी पुढं व्यवहार नको.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं? जे माहीत आहे ते सगळं, आणि जे माहीत नाही तेही. प्रत्येक दागिन्याला छोटी चिठ्ठी लाव : "अकीक, भाजून लाल केलेला. खंबातला पाणी सोडून घासलेला. कच्चा दगड कुठल्या खाणीचा ते ठाऊक नाही." दुसरीवर असेल : "गार्नेट, जयपूरला पैलू पाडलेला, उगम माहीत नाही." प्रक्रियाही लिही. काळा ओनिक्स म्हणून येणारा बराचसा दगड साखरेच्या पाण्यात मुरवून, तेजाबानं काळा केलेला अकीक असतो. सिट्रिन बहुतेक वेळा तापवलेला ॲमेथिस्ट असतो. स्वस्त फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट खपतो. हे सांगितल्यानं काही जणी टेबलावरून उठून जातील. ज्या थांबतील त्या पुन्हा येतील, आणि 'उगम माहीत नाही' असं लिहिलेल्या चिठ्ठ्या कमी करत जाण्याची टोचणी तुलाही राहील.

खड्यांची आणखी एक जागा तुझ्या घरापासून पायी जाता येईल इतकी जवळ आहे, आणि तिकडं कुणी बघत नाही. सराफाकडं मोडीला आलेल्या दागिन्यांचं वजन खडे काढून करतात. ते खडे गिऱ्हाईक पुडीत बांधून घरी नेतं, नाहीतर सराफाच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहतात. जुन्या नथींतले मोती, कुडीतली माणकं, तन्मण्याचे तुकडे, असलं पुष्कळ असतं. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, हैदराबादची मोत्यांची पेठ आपल्या आज्यांना जवळची होती, त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या पुड्यांत मोती बरेच निघतात. लातूरच्या, नांदेडच्या सराफांना विचार, घरोघरच्या मैत्रिणींनाही विचार. नव्यानं कुणी खणायचं नाही, कुणी घासायचं नाही. फक्त या खड्यांना आच लावण्याआधी प्रत्येक माणिक भिंगाखाली धर. भेगांत काच भरलेलं माणिक अलीकडच्या दागिन्यांत खूप असतं. आत बुडबुडे किंवा निळसर चमक दिसली तर ते डागकामाच्या ज्योतीपासून आणि तेजाबापासून लांब ठेव. खडा बसवायचं चांदीचं घर आधी पुरं करून, घासून, चकाकी आणून घे आणि खडा सगळ्यात शेवटी बसव.